दोन मोगऱ्या

पिंप्राळ्याचा रथ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना मोगरी म्हणजे काय हे आधी सांगावे लागेल. आषाढी एकादशीला, सारा महाराष्ट्र पंढरपुराकडे तोंड करून उभा असतो तेव्हा, आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो. पिंप्राळा आता जळगाव महानगरपालिकेचा एक भाग आहे, पण रथाच्या दिवशी ते पुन्हा गाव होते. रथ लाकडी, उंच, वजनाने अवजड. दोर ओढणारे हात शेकडो, त्यामुळे रथाला गती देणे ही काही अडचण नसते. अडचण असते ती गती आवरण्याची. रथाला ना ब्रेक, ना सुकाणू. चाकाशेजारून काही तरणी मंडळी वाकून चालत असतात आणि नेमक्या क्षणी चाकाखाली लाकडाची पाचर सरकवतात. ती मोगरी. एका चाकाखाली घातली तर रथ वळतो, अर्धवट लावली तर मंदावतो, दोन्हीकडे नीट बसली तर जागच्या जागी थांबतो. लोक पाया पडतात ते रथातल्या देवाच्या. पण ज्याला आपला पाय शाबूत ठेवायचा आहे तो मोगरीवाल्याकडे लक्ष ठेवून असतो.

ही मोगरी आम्हांला आठवली ती पिंप्राळ्यापासून अर्ध्या पृथ्वीवर, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, एका देवदारसदृश झाडाखाली, वांगी भाजताना. म्हणजे वांगी भाजली जात नव्हती, म्हणून.

आमची कन्या गेली काही वर्षे सिअ‍ॅटलजवळ राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. जावईबापूंनी तेव्हा एक जुनी, कुणीतरी वापरून सोडलेली कॅम्पिंगची गाडी विकत घेतली होती. तिला गाडी म्हणावे तर तिला इंजिन नाही. घर म्हणावे तर तिला चाके आहेत. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे, रानात उभे करायचे आणि तीन-चार दिवस त्यात राहायचे. तिकडे याला ट्रेलर म्हणतात. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हांला तो ओळखीचाच वाटला. पुढे निमुळती लोखंडी दांडी, तिच्या टोकाला मोटारीला अडकवायची खोबण. बैलगाडीची धाव, साटा आणि जू ज्याने पाहिले आहे त्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. फरक एवढाच, की आमच्या गाडीच्या दांडीवर गाडीवान बसे, आणि इथे त्या जागी गॅसच्या दोन हंड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. (खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सिलिंडरला हंडी म्हणतात. शब्द जुना, वस्तू नवी. भाषा अशी काटकसर नेहमीच करते.)

कन्येने बेत केला भरिताचा. अमेरिकेत राहणाऱ्या खानदेशी माणसाच्या मनात रान आणि भरीत या दोन गोष्टी अद्याप वेगळ्या झालेल्या नाहीत, याचा आम्हांला त्या क्षणी अभिमान वाटला. भरीत हा आमच्याकडे पदार्थ नाही, तो प्रसंग आहे. हिवाळ्यात, चंपाषष्ठीला चातुर्मासाचा वांग्यावरचा निर्बंध सुटला की शेताशेतांतून भरीत पार्ट्या झडतात. वांगे तेही कुठलेही चालत नाही. यावल तालुक्यातल्या भालोद-बामणोदची, आसोद्याची ती मोठी, फिकट हिरवी, पांढुरके पट्टे असलेली, कमी बियांची वांगी लागतात. ‘जळगावचे भरिताचे वांगे’ म्हणून २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात सोडायची, साल कोळसा होऊन आतला गर मऊ पडेपर्यंत फिरवत राहायचे. मग सोलून लाकडी भांड्यात लाकडानेच ठेचायचे. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. धुराचा वास त्या गरात उतरला नाही तर जे उरते त्याला वांग्याची भाजी म्हणावे, भरीत म्हणू नये.

मुक्काम होता डिसेप्शन पास नावाच्या जागी. दोन बेटांच्या मधून समुद्राची एक अरुंद पट्टी वाहते, भरती-ओहोटीला तिथले पाणी नदीच्या पुरासारखे धावते, आणि वरून १९३५ साली खुला झालेला एक उंच पोलादी पूल जातो. जागा अप्रतिम. पण त्या आठवड्यात रान कोरडे ठणठणीत असल्याने लाकडाच्या जाळाला बंदी होती. फाटकावरच पाटी होती. शेकोटी नाही, कोळसा नाही; झडप बंद करता येईल अशी गॅसची शेगडी मात्र चालेल. धुराविना भरीत करायचे या कल्पनेने आम्ही थोडे खट्टू झालो. पण कन्येने वांगी आणली होती, तीही तिकडची, जांभळी, गरगरीत आणि बियांनी गच्च. ती परत नेण्यात अर्थ नव्हता.

जावईबापूंपाशी जाळीची एक लहान शेगडी होती, सुटकेससारखी मिटणारी. ती मुळात चालते एका चिमुकल्या हिरव्या डब्यावर, ज्यात एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन असतो. डबा संपला की टाकून द्यायचा. एवढे पोलाद फेकून देणे जावईबापूंना पटत नव्हते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही नाही. त्यापेक्षा ट्रेलरच्या पुढे नऊ-नऊ किलोच्या दोन हंड्या भरलेल्या उभ्या आहेत, त्यांतलाच गॅस शेगडीला का देऊ नये? ट्रेलरच्या कुशीवर, बाहेरच्या अंगाला, एक नळी खटकन बसवायचे तोंडही होते. नळी मिळाली. एक टोक ट्रेलरला, दुसरे शेगडीला. नातीने टाळ्या वाजवल्या. शेगडी पेटली.

पेटली म्हणजे निरांजनाएवढी. बर्नरच्या छिद्रांवर निळ्या मोहरीचे दाणे ठेवल्यासारखी ज्योत. खटका पूर्ण फिरवला तरी ती तसूभर वाढेना. त्यावर वांगी ठेवली. तासाभराने त्यांना घाम फुटला, एवढेच. साल शाबूत, देठ हिरवा. काळोख पडल्यावर आम्ही सर्वांनी ब्रेडला काहीतरी लावून खाल्ले आणि झोपलो.

ज्योत लहान का, याचा उलगडा आम्हांला रात्री, ट्रेलरच्या लाकडी फळीवर पडल्यापडल्या झाला. (त्याचे श्रेय घेण्याआधी हे कबूल केले पाहिजे की जावईबापूंनाही तो त्याच सुमारास मोबाइलवर झाला होता.) हंडीत गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा आतला दाब भयंकर असतो. वीस अंश तापमानाला शुद्ध प्रोपेनचा दाब मोजला तर तो सत्तर मीटरहून उंच पाण्याच्या स्तंभाइतका भरतो. शेगडीला तो एवढा नको असतो. तिला हवा असतो अकरा इंच पाण्याइतका. म्हणजे हातभर खोलही नसलेल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढायला फुंकर मारावी लागते, तेवढाच. आपल्या घरातल्या शेगडीचेही मान जवळपास तेच. या दोन दाबांत अडीचशे पटींहून अधिक अंतर आहे. हे अंतर एका तबकडीएवढ्या वस्तूत मिटते. ती वस्तू म्हणजे रेग्युलेटर.

ट्रेलरच्या हंड्यांवर असा एक रेग्युलेटर बसवलेलाच असतो. तो दाब उतरवतो आणि मग गॅस जमिनीखालच्या नळ्यांतून आतल्या चुलीला, फ्रिजला, हीटरला जातो. बाहेरच्या अंगाचे ते तोंडही याच उतरवलेल्या दाबाचे. आणि आमची सुटकेससारखी शेगडी? ती हिरव्या डब्यावर चालायची, डब्यात पूर्ण दाब असायचा, म्हणून तिच्या तोंडाशी तिचा स्वतःचा एक रेग्युलेटर होता. पूर्ण दाबाची अपेक्षा धरून बसलेल्या त्या दुसऱ्या रेग्युलेटरला पहिल्याकडून आधीच मवाळ झालेला गॅस मिळत होता. त्याने तो आणखी अडवला. एका रथाला दोन मोगऱ्या.

हे कळल्यावर आम्हांला झोप लागली नाही, पण ती आनंदाने. मास्तरकीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाला एखादी उपमा चपखल बसली की अशी झोप जाते. आम्ही मराठी शिकवले, विज्ञान नव्हे. म्हणून विचार भलत्या दिशेने गेला. रेग्युलेटरला मराठी शब्द नाही. शासकीय कोशात ‘नियामक’ आहे, पण ‘अगं, नियामक बंद केलास का?’ असे विचारणारा नवरा अजून जन्माला यायचा आहे. व्हॉल्व्हला ‘झडप’ आहे, आणि तो शब्द मात्र सुंदर आहे, कारण झडप बंदही करते आणि झडप घातलीही जाते. आमच्या शेजारच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी चुलीतून, तव्यातून, जात्यातून उभा संसार सांगितला. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाचक चकित झाला. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ साली कलकत्त्यात दिला गेला. पुढच्या दोन-तीन दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या ओट्यावर शेगडी आली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने ती खेड्यातल्या घरांतही नेली. पण आमच्या वाचनात तरी गॅसच्या शेगडीवर कुणी ओवी रचलेली आली नाही. चुलीशी बाई बोलत असे, तिला लाकूड कमीजास्त करून समजावत असे. गॅसशी काय बोलणार? त्याचा खटका असतो. आमच्या समीक्षकांनी चुलीचा काव्यात्म गौरव पुष्कळ केला. मात्र चुलीच्या धुराने आमच्या आईचे डोळे कसे लाल होत ते आम्ही पाहिले आहे, त्यामुळे त्या गौरवात आमचा सूर कधी पूर्ण मिसळला नाही. गॅसचा नंबर लावून आम्ही काही वर्षे वाट पाहिली होती. हंडी घरी आली त्या दिवशी तिला हळदकुंकू लावले होते.

असो. सकाळी उठून पाहतो तो जावईबापूंनी पान्याने शेगडीचा रेग्युलेटर काढून बाजूला ठेवला होता. त्यांचे म्हणणे बरोबर होते: एक मोगरी काढली की ट्रेलरच्या तोंडातून येणारा मवाळ गॅस थेट बर्नरला जाईल. मात्र तसे करायचे तर त्या विशिष्ट शेगडीला चालणारा कमी दाबाचा जोड हवा, आणि तो काही आमच्यापाशी नव्हता. आम्ही दोघे मोटारीने जवळच्या अ‍ॅनाकॉर्टेस गावी गेलो. दुकानात तो जोड मिळाला नाही. मिळाली ती एक लांब जाड नळी: एका टोकाला मोठ्या हंडीवर बसायचे पिळाचे तोंड, दुसऱ्या टोकाला शेगडीचे. शिवाय किरकोळ पितळी जोडांचा एक डबा होता, त्यातून जावईबापूंनी दोन-तीन जोड उचलले.

परत आल्यावर जे घडले त्याचे वर्णन आम्ही शक्य तितके सरळ करतो, कारण त्यात आमचा वाटा मोठा आहे. ट्रेलरच्या दोनांपैकी एक हंडी आम्ही सोडवली आणि शेगडीपासून दूर, सपाट जागी उभी ठेवली. नवी नळी हंडीला लागली. दोन पितळी जोड एकमेकांत फिरवले तर नळीचे दुसरे टोक शेगडीच्या उघड्या तोंडात बसत होते. जावईबापू घुटमळले. ‘बाबा, रेग्युलेटर परत लावू का?’ त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, ‘अहो, तोच तर काल आडवा आला. आता कुठे मोकळा झालाय रस्ता. द्या तसाच. कसा जाळ येतो बघा.’ कालच्या निरांजनाचा राग आमच्या डोक्यात होता, आणि उपमा आमच्या तोंडात. मोगरी काढायची तर काढली. दोन्ही काढल्या जात आहेत हे आमच्या ध्यानातच आले नाही. वस्तूत वस्तू बसली की जोडणी बरोबर, असे आपण धरून चालतो. पितळेच्या पिळांना दाबातले काही कळत नसते.

नात शेजारी उकिडवी बसली होती, वांग्यांवर तेल चोळत. आम्ही हंडीच्या झडपेला हात घातला.

‘अहो, थांबा.’

ही ट्रेलरच्या पायरीवर उभी होती. आमची सौभाग्यवती उगीच आवाज चढवणारी नाही. तेव्हाही चढवला नव्हता. ती खाली आली, नातीला दंडाला धरून उठवले आणि चार पावले मागे नेऊन कन्येच्या हाती दिले. मग म्हणाली, ‘त्या दिवशी तेल नव्हतं.’

‘कोणत्या दिवशी?’ कन्येने विचारले.

हिने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर, आतल्या अंगाला, वीतभर लांबीचा तो गुळगुळीत, चकाकता पट्टा कन्येने लहानपणापासून पाहिलेला होता. ‘भरिताच्या फोडणीचे तेल उडाले’ ही त्याची कथाही तिने लहानपणापासून ऐकलेली होती. आमच्या आईने ऐकली होती, हिच्या माहेरच्यांनी ऐकली होती, डॉक्टरांनीही तीच ऐकून घेतली होती. तेल नव्हते हे दोघांनाच ठाऊक होते, आणि त्या दोघांपैकी एकाने त्याबद्दल एकदाही तोंड उघडले नव्हते. तो एक म्हणजे आम्ही.

डिसेंबर १९९३. आमच्या मेहुण्यांच्या शेतात भरिताचा बेत होता, चाळीसेक माणसे यायची होती. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला आणि रचून ठेवलेल्या काड्या भिजून गेल्या. धूर भरपूर, जाळ शून्य. आम्ही म्हणालो, चिंता नको. ओळखीच्या एका स्वयंपाक्याकडून भट्टीची मोठी हंडी टेम्पोत घालून आणली. भट्टी मात्र त्याच्या दुसऱ्या कामावर गेलेली होती. तेव्हा घरून दोन बर्नरची शेगडी आणली. भट्टीच्या हंडीवर असतो तो चढ्या दाबाचा रेग्युलेटर. भट्टीचा जाळ कढईला वेढून फुरफुरत वर येतो तो त्याच्यामुळेच. त्याची रबरी नळी आमच्या घरच्या शेगडीच्या नाकाडावर अगदी सहज सरकली. रबरी नळी कुठल्याही नाकाडावर सरकते. स्वयंपाक्याचा पोरगा म्हणाला होता, ‘सर, ही त्याची नाही.’ आम्ही त्याला सर असल्याच्या स्वरात गप्प केले. हंडी उघडली. ही शेगडीसमोर बसून पहिले वांगे बर्नरवर ठेवत होती. आम्ही काडी दिली.

ज्योत शेगडीतून वर आली नाही, ती शेगडीवरून उठली. बर्नरपासून सुटलेली, पिवळी, पुरुषभर उंचीची. आवाज आम्हांला अजून आठवतो, कापड फाडल्यासारखा. क्षणभरच. त्या पोरानेच हंडी बंद केली, आम्ही नव्हे. हिच्या हातातले वांगे तसेच हातात होते, आणि हाताची कातडी पांढरी पडली होती.

बैलगाडीतून, मग टेम्पोतून, रेल्वे फाटकापाशी दहा मिनिटे ताटकळून आम्ही तिला दवाखान्यात नेले. फाटकापाशी गाडी जाण्याची वाट पाहताना ती म्हणाली, ‘तेल उडालं म्हणून सांगू.’ आम्ही हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्या काळी गावात सरांचे नाव होते. बायकोचा हात सरांच्या अडाणीपणाने भाजला अशी बातमी झाली असती तर सरांना जड गेले असते. हे तिने स्वतः भाजलेली असताना, त्या दहा मिनिटांत, विचारात घेतले. आम्ही घेतले की नाही, ते आम्हांला आठवत नाही. कदाचित आठवायचे नाही. पुढे अनेकदा वाटले की कुणाला तरी सांगावे. पण एखादी थाप कुणी आपल्यासाठी मारलेली असली की ती मोडण्याचा अधिकारही आपण तिच्याकडेच सोपवून मोकळे होतो. तिने तीस वर्षे ती मोडली नाही. त्या सकाळी मोडली, कारण नात उकिडवी बसली होती नेमकी तिच्यासारखीच, आणि आम्ही झडपेला हात घातला होता नेमका तेव्हासारखाच.

हे सगळे तिने डिसेप्शन पासच्या त्या झाडाखाली उभ्या उभ्या, पाच-सहा वाक्यांत सांगितले. आमच्यावर ठपका म्हणून नव्हे. शेगडीकडे बोट दाखवून, एखादी कृती सांगावी तसे. ‘चढा गॅस, आणि मध्ये काही नाही. म्हणून.’ आम्ही रात्रभर जे उपमा देऊन समजून घेतले होते ते तिने एका ओळीत, आणि बरोबर, मांडले. ती विज्ञान शिकलेली नाही. तिने ते हातावर शिकले होते.

कन्या काही बोलली नाही. जावईबापूंनी पाना उचलला. दोन्ही पितळी जोड काढून त्यांनी खिशात टाकले, शेगडीचा रेग्युलेटर होता तिथे परत बसवला, आणि दुकानातून आणलेली नळी त्याला लावली. गंमत अशी की ती नळी मुळात याच जोडणीसाठी बनवलेली होती. हंडीवर रेग्युलेटर नसला तर शेगडीवर असायला हवा. तसे दोन्ही मार्ग सरळ आहेत. ट्रेलरच्या कुशीतून गॅस घ्यायचा तर तो आधीच उतरलेला आहे, तेव्हा शेगडी तेवढ्या दाबाची, तिच्या उत्पादकाने तशी चालेल म्हटलेली हवी. थेट हंडीवरून घ्यायचा तर शेगडीचा रेग्युलेटर जागेवर हवा. एका रथाला एक मोगरी. हे आम्ही त्या वेळी मोठ्याने म्हणणार होतो. म्हणालो नाही.

मग साबण. भांडी घासायच्या साबणाचा फेस करून नातीने ब्रशाने प्रत्येक जोडावर लावला. झडप जरा उघडली. हंडीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुगू लागला, तेव्हा झडप बंद करून पीळ आणखी आवळला; पुन्हा फेस; आता काही नाही. मुद्दाम मिसळलेला तो कुजकट वास नाकाला येतोच, पण वास येण्याआधी फेस सांगतो. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, सांडला तर जमिनीवरून सरपटतो. म्हणून ट्रेलरमध्ये गॅस ओळखणारे यंत्र छताला नव्हे, जमिनीलगत लावलेले असते. हे आम्हांला नातीने सांगितले. ते तिने पुस्तिकेत वाचले होते. पुस्तिका पहिल्या दिवसापासून ट्रेलरच्या खणात होती. तिघा मोठ्यांपैकी कुणी ती उघडलेली नव्हती.

काडी जावईबापूंनी दिली. आम्ही लांब उभे होतो, आम्हांला कुणी सांगितले नव्हते तरी. ज्योत आली ती निळी, एकसारखी, बोटभर. वांगी तडतडू लागली. बघता बघता साल सुरकुतली, काळी झाली, फुटली, आणि त्यातून रस गळून जाळीवर चुरचुरू लागला. ही पुढे होऊन बसली. चिमटा शेजारी होता. तिने तो घेतला नाही. देठाला धरून, उजव्या हाताने, ती वांगी फिरवत राहिली, गावात फिरवायची तशी. कन्या तिच्याजवळ जाऊन बसली आणि दुसरे वांगे तिने फिरवायला घेतले. दोघी हळू आवाजात काही बोलत होत्या. पाण्याचा आवाज मोठा होता, आम्हांला ऐकू आले नाही. एकदा कन्येने वळून आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग होता का, हे आम्ही त्या दिवशी ठरवू शकलो नाही. नंतरही तिने विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. हा लेख तिला पाठवणार आहोत.

भरीत कसे झाले असे कुणी विचारेल. धुराचा वास नव्हता. बिया दाताखाली येत होत्या. ठेचायला लाकडी भांडे नसल्याने स्टीलच्या पातेल्यात वाटीच्या बुडाने ठेचले. मिरच्या मेक्सिकन, त्यांचा तिखटपणा उशिरा लागे. भाकरी नव्हती, गव्हाच्या पुऱ्या होत्या. पातेले मात्र पुसून खाल्ले गेले, आणि फोडणी देताना ही म्हणाली, ‘सरका जरा, तेल उडतं.’ त्यावर आधी जावईबापू हसले, मग कन्या, आणि मग तीही.

जेवणे झाल्यावर हंडीची झडप आम्ही बंद केली. आम्ही मागे सरलो तशी ती उठली, वाकली आणि तीच झडप तिने पुन्हा एकदा पिळून पाहिली. मग ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिली, नातीचे डोके मांडीवर घेऊन, पुलावरून जाणाऱ्या मोटारींचे दिवे बघत.